हलवलेला प्रश्न

माझे भावोजी, सहदेव, चार हजार माणसांना शिस्त लावतात आणि घरात स्वतःचा चष्मा त्यांना सापडत नाही. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणते, पाठीमागे नाही. अंधेरीच्या एमआयडीसीत एका कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळले, अठ्ठावन्नाला निवृत्त झाले, आणि मुलुंडच्या घरात बसून इंटरनेटवर एक मंडळ काढलं. कसलं? तर डब्यांचं! जेवणाचा डबा नव्हे हो. डिस्क घातलेली पेटी असते, घरच्या वायफायला जोडलेली. घरातल्या सगळ्यांचे फोटो, कागदपत्रं, आवाज तिच्यात राहतात. ती अडली तर मराठीत विचारायला जागाच नव्हती, ती भावोजींनी केली. नाव ठेवलं 'घरचा डबा'.

मी आधी हसले होते. पण कणकवलीची एक मास्तरीण, घाटकोपरचा लग्नाचा फोटोग्राफर, नागपूरचे एक डॉक्टर, असे करत करत चार हजार लोक जमले. सगळे एकाच ठिकाणी बोंबलायचे. मग भावोजींनी दालनं पाडली: 'नमस्कार', 'कुठला घेऊ', 'डबा अडला', 'बॅकअप'. चुकीच्या दालनात कोणी विचारलं की प्रश्न उचलायचा आणि बरोबर दालनात टाकायचा. जुन्या जागी 'इथून हलवला' अशी पाटी ठेवता येते म्हणे, पण ती ते ठेवत नसत. पाट्यांचा कचरा होतो.

"अहो पण माणूस परत आला नि प्रश्नच दिसला नाही तर?" मी एकदा विचारलं.

"शोधेल की, कुंदा. सर्च कशाला दिलंय?"

घरात वेगळीच तऱ्हा. माझी ताई, वनमाला, म्हणजे यांची बायको, काही विचारायला गेली की यांचं ठरलेलं उत्तर: "मॅन्युअल वाचलंस का?" मिक्सरचं विचारलं तरी तेच. बाई पस्तीस वर्षं हे ऐकतेय. हळूहळू तिने विचारणंच सोडलं.

स्वतःच्या डब्याच्या भावोजींनी तीन प्रती केल्या होत्या. एक घरात, एक कपाटात, एक मुलाकडे मालाडला. आणि जुना, दोन डिस्कचा डबा ताईला दिला. त्याची दुसरी प्रत? एकही नाही. "तुझ्या रेसिप्या आणि सुप्रभातचे गुलाब, त्याला काय बॅकअप लावायचाय," असं म्हणाले होते. मी तिथेच बसले होते, मीही दात काढले.

त्या डब्यात अण्णा होते. अण्णा म्हणजे आमचे वडील. गिरणी बंद पडली तरी मुंबई सोडली नाही, पण गणपतीला गावच्या घरी जाऊन गाऱ्हाणं तेच घालायचे. "बा देवा म्हाराजा" करून सुरुवात, मग घरच्या मूळपुरुषापासून विहिरीच्या राखणदारापर्यंत एकेकाचं नाव, आणि प्रत्येक वाक्याला आम्ही सगळे "व्हय म्हाराजा". ती नावं कुठे लिहिलेली नाहीत. ती फक्त अण्णांना पाठ होती. गेल्याच्या गेल्या वर्षी ताईने त्यांना स्वयंपाकघरात बसवून फोनवर सगळं रेकॉर्ड करून घेतलं. एकोणीस मिनिटं. या माघात अण्णा गेले. ताईचा फोनही बदलला, रेकॉर्डिंग उरलं ते फक्त डब्यात. यंदा चुलतभाऊ धाकू ते ऐकून पाठ करणार होता. मी पण प्रत घेणार होते, उद्या घेते, परवा घेते, असं करत राहिले. माझी अक्कल!

रविवारी सकाळी ताईकडे गेले. म्हटलं, ताई, गाऱ्हाणं पाठव गं फोनवर, धाकूचे तीन मेसेज आलेत.

ताईच्या हातात पोह्यांचं ताट होतं. ते तिने खाली ठेवलं आणि ओट्याला धरून उभी राहिली.

"नाही ते," म्हणाली. "पुसलं गेलं माझ्याकडून."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिथेच पाटावर बसले. भावोजी हॉलमधून उठून आले. ताईचा डबा आणून लॅपटॉपला जोडला. तासभर काय काय करत होते. मग चष्मा काढला.

"पहिल्यापासून शेवटपर्यंत नव्याने लिहिलं गेलंय. काही उरलं नाही." आणि एकदम आवाज चढला, "अगं, पण मला का नाही विचारलंस?"

"विचारलं."

"कधी?"

"गुरुवारी. तुमच्या मंडळात. मालन नावाने."

गणपतीची साफसफाई करताना तिने डबा पुसायला उचलला होता. परत लावला तर लाल दिवा. भावोजींना सांगावं तर ओरडतील, हात कशाला लावलास म्हणून. म्हणून फोनवर खोटं नाव घेऊन, पहिलं दिसलं त्या 'नमस्कार' दालनात तिने विचारलं. ती स्वयंपाकघरात, हे हॉलमध्ये, मध्ये दहा पावलं! पाच मिनिटांनी बघते तर प्रश्न गायब.

"मला वाटलं, काढून टाकला. काहीतरी वेड्यासारखं विचारलं असेन," ताई म्हणाली. "तरी दीड तास उघडून उघडून बघत होते. डबा फोनवर सारखा विचारत होता, नव्याने सुरू करू का? शेवटी हो म्हटलं."

भावोजींनी तोच लॅपटॉप पुढे ओढून मंडळ उघडलं. 'डबा अडला' दालनात मालनचा प्रश्न होता. दोन वाजून चौदा मिनिटांनी हलवलेला, यांनीच. आणि खाली दोन एकोणीसला उत्तर. तेही यांचंच.

मी मोठ्याने वाचलं. "मालनताई, घाबरू नका. डबा हलवला की डिस्क सैल होते, आम्हा सगळ्यांचं कधी ना कधी झालंय, तुमची काही चूक नाही. डबा विचारेल त्याला हो म्हणू नका. बंद करा, डिस्क काढून घट्ट बसवा. तुमचं सगळं आत जागच्या जागी आहे. अडलात तर मी इथेच बसलोय."

अरे देवा, जागच्या जागी होतं! त्या गुरुवारी, दोन एकोणीसला, अण्णा अख्खेच्या अख्खे त्या डब्यात होते.

ताईने लॅपटॉप आपल्याकडे वळवला. तिला रडू आलं नव्हतं. ओळीवर बोट ठेवून तिने सावकाश सगळं परत वाचलं.

"किती छान समजावलंय हो," ती म्हणाली. मग त्यांच्याकडे वळली. "मी घरात येऊन विचारलं असतं, वनमाला म्हणून, तर असंच बोलला असतात?"

मला वाटलं, आता हे काहीतरी सारवासारव करतील. भावोजींनी लॅपटॉप मिटला.

"नाही," म्हणाले.