वडिलांना दिसायला लागण्याआधी

दादांचा मोतीबिंदू आमच्या घरात बरीच वर्षं पिकत होता. "पिकू द्या, मग काढा," असं त्यांना कुणीतरी कधीकाळी सांगितलं होतं आणि माझ्या वडिलांनी ते मनावर घेतलं होतं. आता तसं काही नसतं, लवकर काढलेला बरा, असं डॉक्टर सांगून थकले. दादा त्यांच्यासमोर मान डोलवायचे आणि घरी येऊन म्हणायचे, "अजून कच्चा हाय." शेवटी एका सकाळी त्यांनी चहाचा कप टेबलाच्या शेजारी, हवेत ठेवला. कप फुटला तेव्हा पिकल्याचं त्यांनी मान्य केलं.

ऑपरेशन ठरलं. सगळ्यांना आनंद झाला, आई सोडून. मी तेव्हा शेंद्र्याच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये होते, आलेला माल तपासायचं काम होतं. सुटल्यावर अधूनमधून आई-दादांकडे चक्कर मारायचे. त्या संध्याकाळी आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं आणि आवाज खाली केला.

"ह्यांना आता समदं दिसंल का गं?"

"दिसेल की."

"समदं? बारीकसारीक?"

"डॉक्टर म्हणतात, पेपरसुद्धा वाचतील."

आईनं गॅस बंद केला. भाजी अजून शिजली नव्हती.

"मग मला तोंडाला लावायला कायतरी आण," ती म्हणाली.

आईला कुणी वय विचारलं तर ती सांगायची, "पोलीस अ‍ॅक्शनच्या वक्ताला मी रांगत होते." पुढचा हिशेब, अठ्ठेचाळीस सालापासून, समोरच्यानं करायचा. म्हणजे तेव्हा ती साठीच्या बरीच पुढे गेली होती. तोंडाला लावायच्या वस्तू तिच्या आयुष्यात दोनच. लग्नात मिळालेली स्नोची बाटली, जी तिनं काटकसरीनं वापरून शेवटी वाळवून टाकली, आणि नंतर पावडरचा डबा. अंघोळ झाली की पावडर, बाहेर निघताना पावडर, कुणी आजारी असेल तर भेटायला जातानाही पावडर.

"ह्यांनी मला नीट बघितलं त्याला लई वर्षं झाली," ती म्हणाली. "तवा माझं तोंड बरं होतं. त्यांच्या डोक्यात तेच बसलंय. एकदम हे दिसल्यावर काय वाटंल माणसाला?"

मी हसले. मग मी तिच्याकडे नीट पाहिलं आणि हसू आपोआप थांबलं. रोज बघणाऱ्याला समोरच्याचं म्हातारपण थोडंथोडं मिळतं, म्हणून ते पचतं. दादांना ते सगळं एका सकाळी मिळणार होतं. मला तिची फार दया आली, आणि ती तिला दिसू नये म्हणून मी गॅस पुन्हा पेटवला.

तिच्या भीतीला आणखी एक कारण होतं. दादांची नजर साधी नव्हती. गुलमंडीवरच्या एका दुकानात त्यांनी नोकरीची सगळी वर्षं गादीवर बसून बायकांना साड्या दाखवल्या. बाई दुकानाची पायरी चढून चपला काढेपर्यंत तिला कोणता रंग द्यायचा हे त्यांचं ठरलेलं असे. आम्हाला ते जेवताना सांगायचे, "वय झालेल्या बाईला फिका रंग देऊ नये, चेहरा विझतो. लई भडकही देऊ नये, मग साडीच दिसती, बाई दिसत नाय." गिऱ्हाइकाला साडी पसंत पडली तरी ते ती गुंडाळायचे नाहीत. आधी घेऊन दारात जायचे. "ट्यूबलाइट खोटं बोलती. माल उजेडात बघावा, बाई."

असा माणूस. आणि त्याच्यासमोर आईला एका सकाळी उजेडात उभं राहायचं होतं.

निवृत्तीनंतरही दिवाळीची आईची साडी दादाच आणायचे, त्याच दुकानातून, एकटे जाऊन. डोळे गढूळ होत गेले तशा साड्याही बिघडत गेल्या. पोत उत्तम असायचा, बोटं अजून शाबूत होती. रंगाचं मात्र काही खरं नव्हतं. ऑपरेशनच्या आधीच्या दिवाळीला ते खूश होऊन आले आणि आईच्या मांडीवर पुडकं ठेवून म्हणाले, "मोरपंखी. तुझा रंग."

ती साडी पोपटी होती. तीही साधी पोपटी नाही. मेथीच्या जुडीत बल्ब लावावा तशी. दुकानातल्या माणसांना कळलं नसेल असं नाही, पण ती सगळी दादांच्या हाताखाली शिकलेली. त्यांच्यासमोर रंगाबद्दल तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती. दादा मोरपंखी म्हणाले, त्यांनी मोरपंखी म्हणून बांधून दिली.

घरात तिला मोरपंखीच म्हणायचं, अशी आईची सक्त ताकीद होती. माझी मुलंसुद्धा म्हणायची, "आजी आज मोरपंखी नेसलीय." शाळेत ती रंग चुकतील याची मला काळजी वाटायची. आई ती साडी लग्नाकार्यात नेसून जायची. देवगाव रंगारीकडचे नातेवाईक आधी साडीकडे बघायचे, मग आईकडे, मग आपापसात. कुणी विचारलंच तर आई एवढंच म्हणायची, "लई मऊ हाय."

तर मी आईला घेऊन आधी निराला बाजारात गेले. काचेचं दुकान, गार हवा, काउंटरवर काळ्या कपड्यातली मुलगी. तिनं विचारलं, "आंटी, एज काय आहे?"

"पोलीस अ‍ॅक्शनच्या वक्ताला मी रांगत होते," आई म्हणाली.

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. "पासष्ट धरा," मी म्हणाले.

मुलीनं आईला उंच स्टुलावर बसवलं आणि कामाला लागली. आधी एक थर, तो बसावा म्हणून दुसरा, आणि दोन्ही हलू नयेत म्हणून वरून पावडर. रंग आईच्या रंगापेक्षा बराच उजळ होता. मी तसं म्हटलं, तर मुलगी म्हणाली, "मॅम, एज झाली की डल दिसतं, ब्राइटच घ्यायचं." आईला उजळ हा शब्द आवडला. आरशातही बरं दिसत होतं. वर ट्यूबलाइट होत्या.

बाहेर उन्हात आलो आणि मला दादांचा नियम आठवला. आईच्या चेहऱ्यावर आधी ज्या सुरकुत्या कधी कुणाला दिसल्या नव्हत्या, त्यांच्यातही पावडर जाऊन बसली होती. मान गव्हाळ, चेहरा पांढराफटक, आणि दोघांच्या मधे सरळ हद्द आखलेली. आईनं रस्त्यावर लावलेल्या एका स्कूटरच्या आरशात वाकून पाहिलं.

"आगं माय," ती म्हणाली. "ह्यांना वाटंल, दारात गोसावी आलाय."

तिनं तिथंच पदरानं तोंड पुसलं. स्कूटरवाला परत आला होता, तो बिचारा तिचं आवरेपर्यंत थांबला.

मग आम्ही सिटी चौकात चाचांकडे गेलो. त्यांच्या दुकानात आई लग्न झाल्यापासून बांगड्या भरत होती, आणि बांगड्यांच्या मागच्या फळीवर तोंडाला लावायचंही थोडंफार असायचं. चाचांनी आईचं म्हणणं ऐकून घेतलं आणि हसले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे.

"बाई, पावडर नको," ते म्हणाले. "इस उमर में पावडर लकीरों में जाके बैठती. पहले चमड़ी को तर करो." त्यांनी ग्लिसरीन आणि गुलाबपाणी काढून दिलं. मग केसांचा कलप काढला, नखांचा रंग काढला, आणि आई नको नको म्हणत असताना एक सुरमाही काढला. धंदा धंद्याच्या जागी.

रंगाचं क्रीम मात्र मी निवडलं. एकेक ट्यूब घेऊन आईला दारात उभं केलं आणि थोडं थोडं तिच्या जबड्याच्या कडेला लावून बघितलं. हातावर लावून उपयोग नव्हता. आईचे हात उन्हानं चेहऱ्यापेक्षा काळवंडलेले. ज्या ट्यूबचा ठिपका लावल्यावर मला सापडेना, ती घेतली. कारखान्यात मी इतक्या निगुतीनं माल कधी तपासला नाही.

मग आईची तालीम सुरू झाली. आधी ग्लिसरीन-गुलाबपाणी, ते मुरलं की हरभऱ्याएवढं क्रीम, बोटानं थापटून, चोळायचं नाही. लपून करायची गरजच नव्हती. दादा खुर्चीत बसलेले असायचे आणि ही त्यांच्या समोरच आरसा घेऊन बसायची. मी ते बघायचे आणि मला हसावं की रडावं कळायचं नाही.

"गुलाबाचा वास येतोय," दादा म्हणायचे. "पावनं आलेत का?"

"उदबत्ती हाय."

दादा समाधानानं मान हलवायचे.

चौथ्या-पाचव्या दिवशी आईला ते जमलं. ती तरुण दिसत नव्हती. रात्रभर छान झोप झालेली बाई दिसत होती, आणि तिला ते आरशात बघून बरं वाटत होतं. मलाही वाटलं. ग्लिसरीन-गुलाबपाणी मीही त्या आठवड्यात चोरून लावून बघितलं. अजून लावते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दादा म्हणाले, "पट्टी काढायच्या वक्ताला ती मोरपंखी नेसून ये. आधी तीच बघू दे."

स्वयंपाकघरात आल्यावर मी आईला म्हटलं, "आज गुलमंडीवरून खरी मोरपंखी आणते. त्यांना काय कळतंय?"

"आन् हात लावला तर? त्यांच्या बोटांना कळतंय."

"मग दुसरीच कुठली तरी नेस."

"त्यांनी मागून घेतलंय. पयल्याच दिवशी नाय म्हनू? साडीचं ऱ्हाऊ दे. माझं तोंड तेवढं नीट दिसू दे."

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघणार होती. आई पहाटेच उठून तयार झाली होती. पोपटी साडी, हातभर बांगड्या, चेहरा सुरेख. आणि घराबाहेर पाऊल टाकताना, आयुष्यभराच्या सवयीनं, तिनं फळीवरचा डबा उघडून भरपूर पावडर लावली. मला ते दवाखान्याच्या जिन्यात दिसलं. काही बोलायच्या आत सिस्टरलाही दिसलं.

"आजी, डोळ्याच्या पेशंटजवळ पावडर चालत नाही. तोंड धुऊन या."

आईनं कोपऱ्यातल्या बेसिनवर, हात धुवायच्या साबणानं तोंड धुतलं. पावडर गेली, क्रीम गेलं, ग्लिसरीन-गुलाबपाणी गेलं. साबणानं कातडं ओढल्यासारखं झालं आणि होत्या त्या सुरकुत्या आणखी खोल दिसायला लागल्या. बेसिनच्या आरशात तिनं एकदाच पाहिलं.

"तू जा आत," ती मला म्हणाली. "म्हन, ती घरी हाय."

"आई, असं काय करतेस?"

"जा म्हनते ना." तिचे डोळे भरले होते.

मी आत गेले. सिस्टरनं दादांची पट्टी काढली, डोळा पुसला. दादांनी भिंतीकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू लई वाळलीस." मग विचारलं, "ती कुठंय?"

"घरी आहे."

"दारामागं तिच्या बांगड्या वाजतायत," दादा म्हणाले. "आत ये म्हनावं."

आई आली. पदर कपाळावरून ओढून हनुवटीपाशी धरलेला. त्यातून नाकाचा शेंडा तेवढा दिसत होता. दादा पलंगावरून उतरले, खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

"उजेडात ये."

ती गेली. दादांनी पदराचं टोक दोन बोटांत धरलं, चेहऱ्यावरून अलगद बाजूला घेतलं आणि सवयीनं पोत चाचपला. बोटं तिथंच थांबली. त्यांनी खाली साडीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ही मोरपंखी?"

"व्हय," आई म्हणाली. ती खाली मान घालून उभी होती.

दादांनी मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. एखादी बाई पायरी चढून येताना पाहायचे तसं, घाई न करता, कपाळ, गाल, हनुवटी. मी खिडकीच्या गजाला धरून उभी होते.

"तुझा रंग हाय तसाच हाय गं," ते म्हणाले. "साडी चुकली."

त्यांनी पदर थोडा वर उचलून उजेडात धरला.

"ही समद्या लग्नात नेसलीस?"

"लई मऊ हाय," आई म्हणाली.

"आन् त्याच्या आदल्या दिवाळीची? ती राणी रंगाची?"

"ती विटकरी हाय."

"त्याच्या आदली?"

"ती नका विचारू."

"नेसलीस?"

"नेसले की. समद्या नेसले."

दादांच्या नव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. डोळ्यात पाणी येऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई एकदम पुढं झाली, "आवो, पानी काढू नका, डॉक्टर वरडतील," म्हणत तिनं पदर उचलला, आणि मागून सिस्टर ओरडली, "आजी, पदर लावू नका!" आईनं पदर सोडून दिला. मग बोटानंच ती त्यांच्या गालावरचं पाणी पुसत राहिली, भर उजेडात, त्यांच्या अगदी समोर. तोंड झाकायचं ती विसरून गेली होती.