दहावा पाय

नागोराव वानखडेंचं घड्याळदुरुस्तीचं दुकान नारायण पेठेत आहे असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर दोन दुकानांच्या मध्ये राहिलेल्या फटीला कुणीतरी शटर बसवलंय. आत एक टेबल, टेबलामागे नागोराव, नागोरावांच्या डोक्यावर फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती आणि त्यामागे लगेच भिंत. गिऱ्हाईक फुटपाथवर उभं राहतं. पाऊस आला की गिऱ्हाईक भिजतं, घड्याळ कोरडं राहतं.

अमरावतीकडून पुण्यात आले तेव्हा नागोराव एकोणीस वर्षांचे होते. ज्यांच्या हाताखाली ते शिकले त्या महिपतीदादांनी पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला होता. घड्याळ जोडून झाल्यावर ताटलीत काही उरलं, तर घड्याळ जोडून झालेलंच नाही. नागोरावांनी हा नियम इतका मनावर घेतला, की एकदा एका मास्तरांनी घड्याळ नेल्यावर ताटलीत तिळाएवढा स्क्रू दिसला, तेव्हा ते सायकल मारत थेट खडकवासल्याला गेले आणि मास्तरांना जेवणावरून उठवून ओसरीतच घड्याळ उघडलं.

"अहो, चालतंय ना ते?" मास्तर उष्ट्या हातानं म्हणाले.

"चालते. पण पूर्ण नाई," नागोराव म्हणाले.

पुण्यात पंचेचाळीस वर्षं काढूनही त्यांचं 'नाई' पुण्याचं झालं नाही ते नाहीच.

त्यांचा मुलगा अभय हडपसरला आयटी कंपनीत. बोलतो निम्मं इंग्रजी, काळजी करतो पूर्ण मराठी. जूनमध्ये वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्यानं एकच पालुपद लावलं होतं. "बाबा, आता बस झालं. शटर ओढा, घरी आराम करा. लोकांची घड्याळं हल्ली पावलं मोजतात, झोप मोजतात. त्यात तुम्ही काय उघडणार?"

आराम हा शब्द नागोरावांना शिवीसारखा लागायचा. घरी त्यांनी काय करायचं? भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं? आणि तेही बॅटरीवरचं!

अशात सूनबाईच्या कॉम्प्युटरचं निघालं. नम्रता घरूनच इमारतींचे नकाशे काढते आणि तिचा लॅपटॉप दुपारपर्यंत इतका तापायचा, की त्यावर पापड भाजता आला असता. अभयनं डेस्कटॉपचे सुटे भाग मागवले आणि जोडायला ओळखीच्या माणसाकडे द्यायचं ठरवलं. नागोरावांनी खोक्यांकडे पाहिलं.

"मी जोडतो," ते म्हणाले.

"बाबा, हे घड्याळ नाहीये."

"तेच म्हणतो. घड्याळापरीस मोठं आहे. डोळ्याले दिसते तरी."

बोलण्यातून बोलणं वाढलं आणि पैज लागली. रविवारी संध्याकाळी सहापर्यंत नागोरावांनी एकट्यानं कॉम्प्युटर सुरू करून दाखवायचा. झाला, तर अभयनं दुकान बंद करण्याचा विषय जन्मात काढायचा नाही. नाही झाला, तर सहा वाजता अभय स्वतः येऊन शटर ओढणार, कायमचं.

"डन?" अभयनं विचारलं.

"डन म्हणजे डन," नागोराव म्हणाले. मुक्ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, तेवढ्यात स्वयंपाकघरातून भांडं आपटलं. ते कोणाच्या बाजूनं आपटलं होतं, हे कोणालाच कळलं नाही.

रविवारी सकाळी नऊला नागोरावांनी शटर वर केलं आणि कॅबिनेट टेबलावर ठेवलं. कॅबिनेट आत गेलं, नागोराव बाहेर राहिले. शेवटी ते गिऱ्हाईकाच्या जागी, फुटपाथवर, स्टूल टाकून बसले.

शेजारी श्यामसुंदर यांचं फाउंटन पेनांचं दुकान. श्यामसुंदर रविवारीही दुकान उघडतात, कारण रविवारी त्यांच्या घरी मेव्हणा येतो.

"काय नागोराव, गिऱ्हाईक झालात? सांगून ठेवतो, तुमच्याकडं लवकर मिळत नाही काम करून."

"तुमच्याकडं जागा आहे का, हा टीव्ही ठेवाले?" नागोरावांनी मॉनिटरचं खोकं पुढे केलं.

"जागा काय, वेळही आहे. ठेवा."

तीन तास नागोराव असे रमले होते, की एका बाईनं घड्याळाचा पट्टा विचारला, तर तिला त्यांनी रॅमची पट्टी दाखवली. मदरबोर्ड म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात ती हिरवी पाटी. ती कॅबिनेटच्या पत्र्यावर थेट टेकवायची नसते. मध्ये बोटाच्या पेराएवढे पितळी पाय लावायचे आणि पाटी त्यांच्यावर बसवायची. नागोरावांना हे पाय फारच आवडले. घड्याळात असं पितळ बघायला मिळून वर्षं झाली होती. पिशवीत पाय होते दहा. पाटीला भोकं नऊ. नऊ बसले, एक उरला. नागोराव अस्वस्थ झाले. मग त्यांना पत्र्यावर खालच्या बाजूला एक आटे पाडलेलं रिकामं भोक दिसलं. त्यांनी दहावा पाय तिथे पिळून बसवला आणि वर पाटी ठेवून स्क्रू आवळले. शेवटी पिशवी उलटी करून झटकली. काही पडलं नाही.

"पाहा," ते श्यामसुंदरांना म्हणाले. "एक कण उरला नाई."

"मग चालू करा की. की तेही गिऱ्हाईकानंच करायचं?"

नागोरावांनी खटका दाबला. पंखा चतकोर फिरला, आणि थांबला. पुन्हा दाबला. पुन्हा चतकोर. एखादा माणूस हाक ऐकून मान वळवतो आणि 'आपल्याला नाही' असं ठरवून परत झोपतो, तसं.

साडेबारा वाजले होते.

"नारळ फोडला होतात का?" श्यामसुंदरांनी विचारलं.

"आमच्याकडं नारळ चटणीले फोडतात."

नागोरावांनी आधी प्लग तपासला. त्याच प्लगला श्यामसुंदरांचा टेबललॅम्प लावला, तो लख्ख पेटला आणि त्यात नागोरावांचा घाम स्पष्ट दिसला. मागचं बटण चालूच होतं. खटक्याच्या बारीक वायरी त्यांनी भिंग लावून पुस्तिकेतल्या चित्राशी ताडून पाहिल्या. बरोबर होत्या. रॅम काढून पुसून परत बसवली. चतकोर.

दीड वाजता त्यांचा धीर सुटला. अभयला फोन करणं म्हणजे स्वतःच्या हातानं शटर ओढणं. त्यांनी नम्रताला केला.

"बाबा, बोला. हळू बोला, अभय शेजारीच बसलाय." ती बाल्कनीत आली असावी, कारण मागून कबुतरं ऐकू येऊ लागली. सासऱ्यांनी सगळं सांगितलं. तिनं इंटरनेटवर शोधाशोध केली. "बाबा, आधी करंट देणारा डबा वेगळा काढून बघा म्हणतायत, तो एसएमपीएस. त्याच्या मोठ्या प्लगमधली हिरवी आणि शेजारची काळी वायर पेपरक्लिपनं जोडायची. भिंतीतला प्लग आधी काढा हं, जोडून झालं की परत लावा! पंखा फिरला तर डबा चांगला."

"अन् तुझा नवरा काय करून राह्यला?"

"तुमच्यासाठी आरामखुर्ची बघतोय. ऑनलाइन."

नागोरावांनी रागारागात पेपरक्लिप मागितली. श्यामसुंदरांनी ती देताना परत आणून द्यायचं बजावलं. डब्याचा पंखा गरगरा फिरला. म्हणजे करंट देणारा चांगला, घेणारा कुठेतरी अडत होता.

मग मात्र नागोराव घड्याळजी झाले. घड्याळ अडलं की महिपतीदादा म्हणायचे, सगळ्या चाकांवर संशय घेऊ नकोस. एकेक उतरव आणि कोण गेल्यावर बाकीचे हसतात ते बघ. त्यांनी एकेक उतरवलं. डिस्क काढली, चतकोर. पुढचे पंखे काढले, चतकोर. एक रॅम काढली, तरी चतकोर. शेवटी पाटीच उचलून बाहेर काढली, तिच्याच खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवली, डब्याची वायर लावली आणि खटक्याच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक हळूच टेकवलं.

पंखा फिरला. पूर्ण फिरला. आणि फिरतच राहिला.

"अरे, चाललं!" श्यामसुंदर स्वतःला विसरून ओरडले आणि लगेच सावरून म्हणाले, "म्हणजे, फुटपाथवर चाललं. सूनबाईंना इथंच बसवा नकाशे काढायला."

नागोरावांना ते ऐकूच गेलं नाही. बाहेर जगतं आणि आत गेलं की मरतं, म्हणजे आत काहीतरी आहे. त्यांनी रिकाम्या कॅबिनेटमध्ये डोकं घातलं. दहा पितळी पाय चकचकत होते. त्यांनी पाटी उलटी केली आणि भिंग लावून एकेक इंच पाहत गेले. खालच्या कडेला, जिथे भोकबीक काही नव्हतं, तिथल्या सोल्डरिंगच्या टोकांवर पितळाचा एक पिवळा ओरखडा होता.

दहावा पाय. ज्याला काही काम नव्हतं, तो खालून पाटीला टेकून बसला होता, आणि करंट निघाला की मधल्यामध्ये पत्र्यात ओढून नेत होता. कॅबिनेटवाल्यांनी लहानमोठ्या सगळ्या पाट्यांसाठी जास्तीची भोकं पाडली होती. एक पाय उरणारच होता. तो उरू न देणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच होता.

पाच वाजत आले होते. नागोरावांनी चिमट्यानं दहावा पाय पिळून काढला आणि ताटलीत ठेवला. टिंग असा आवाज झाला. पंचेचाळीस वर्षं या आवाजानं त्यांची झोप उडायची. आताही हात पुन्हा ताटलीकडे गेलाच. कुठेतरी बसवता आला असता. बाजूच्या पत्र्यात, वरच्या जाळीत, कुठेही.

"नागोराव," श्यामसुंदर म्हणाले, "तो उचललात, तर मी माझ्या मेव्हण्याला तुमच्या दुकानात पाठवीन."

नागोरावांनी हात मागे घेतला.

सहाला पाच कमी असताना अभय आला. मागे नम्रता, तिच्यामागे डबा घेतलेल्या मुक्ताई. अभयनं शटर ओढायची लोखंडी सळी हातात घेतलीच होती. आणि थबकला. श्यामसुंदरांच्या काउंटरवर, शाईच्या बाटल्यांमध्ये, मॉनिटर उजळला होता. त्यावर पांढऱ्या अक्षरांत तक्रार होती, की आत विंडोज नाही.

"म्हणजे बिघडलंय का?" मुक्ताईंनी विचारलं.

"नाही आई," अभय हळूच म्हणाला. "म्हणजे बाकी सगळं चालू आहे." त्यानं कॅबिनेटमध्ये वाकून पाहिलं. वायरी एखाद्या वेणीसारख्या बांधल्या होत्या. मग त्याला ताटली दिसली आणि त्याचे डोळे चमकले. "बाबा! एक उरलाय! तुमचा नियम?"

"उरू दे."

"म्हणजे पूर्ण नाही ना जोडलेलं?"

"अरे, तो आत होता तवाच बंद होतं," नागोराव म्हणाले. "त्याले आत काम नव्हतं. मी आपला सगळं नीट दिसावं म्हणून जबरदस्तीनं बसवला. तं त्यानं अख्खं घर बंद पाडलं."

मग मुक्ताईंनी डबा टेबलावर ठेवला.

"ऐकलं का, अभय?" त्या म्हणाल्या. "लॉकडाऊनमधे हे दोन महिने घरी होते. माझा मिक्सर उघडला. मग कुकरची शिट्टी. मग दाराची बेल. बेल अजून वाजत नाई. पैज जिंकला अस्ता ना तू, तं मीच सकाळी येऊन शटर उघडलं अस्तं बाप्पा."

नम्रता हसू दाबायला मॉनिटरमागे गेली. अभयनं सळी जागेवर टांगली, खिशातून फोन काढला, आणि आरामखुर्चीची ऑर्डर रद्द करताना वडिलांकडे बघण्याचं टाळलं.

नागोरावांनी ताटलीतला पितळी पाय फडक्यानं पुसला आणि फळीवर ठेवला. मग कॅबिनेट अभयच्या हाती दिलं, स्टूल उचलून टेबलामागे नेलं, आपल्या जागी बसले आणि डोळ्याला भिंग लावलं.

"पेपरक्लिप," शेजारून आवाज आला.