सादिरबेकने वठणीवर आणलेला ससा

माझा धाकटा भाऊ सादिरबेक शिंगरं वठणीवर आणायचा. आमच्या नारिन शहराच्या आसपास कुणाचा घोडा लाथाळ निघाला की तो याच्याच दारात यायचा. शिंगराला खुंटाला आवळायचं, तहानलेलं ठेवायचं आणि पाय आपटला की चाबूक. कातडी फुटेपर्यंत मारायचा. पाय आपटणं थांबलं की म्हणायचा, "शिकलं." आणि त्या शिंगरावर खरंच मग कुणीही बसावं. त्याला एवढी एकच विद्या येत होती, आणि मेला ती घरातल्या माणसांवरही चालवायचा.

त्याच्या माराला कंटाळून थोरली सून पळाली होती. उरली धाकटी बुरुल. तिचा नवरा रशियात कामाला. मी राहायचे शेजारच्या घरात; तीही गेली तर म्हाताऱ्याला चहा विचारायलाही कोणी राहणार नव्हतं. त्याला हे कळत होतं, पण हात काही आवरत नव्हता.

बुरुलने माहेरून एक करडा ससा आणला होता. तो घरात मोकळाच फिरायचा. त्याने काही कुरतडलं तर ती तळहाताने जमीन थोपटून "नको" म्हणायची. मग साहेब तिच्याकडे पाठ फिरवून बसायचे, रुसलेल्या जावयासारखे. जरा वेळाने येऊन हनुवटीने तिचा पाय ढोसायचे, की मिटलं भांडण.

एकदा सशाने खोगिराचा पट्टा कुरतडला. सादिरबेकने चाबकाचा दांडा त्याच्या पाठीत हाणला. सशाने मागचा पाय धाडकन जमिनीवर आपटला.

"माझ्यापुढे पाय आपटतोस?" आणखी एक दणका. कान फाटला.

बुरुल मध्ये पडली. सासऱ्याला ती 'अता' म्हणजे बाबा म्हणायची. "अता, तो भ्यालाय. धोका वाटला की ससे असेच पाय आपटतात."

"पाय आपटणं तू मला शिकवणार? लाथा खाऊन बरगड्या मोडल्यात माझ्या." पुढचा दांडा तिच्या मनगटावर बसला. ती गप्प राहिली.

"लाज वाटते का रे?" मी म्हणाले. "मुठीएवढा जीव तो."

"एजे, तू आपला चहा पी," तो मला म्हणाला. थोरल्या बहिणीला आमच्यात एजे म्हणतात.

हिवाळाभर हेच चाललं. हळूहळू सशाने पाय आपटणं सोडलं. कोपऱ्यात अंग चोरून बसायचा. कान पाठीला चिकटलेले, डोळे बाहेर आलेले, खाणं जवळजवळ बंद. सादिरबेक खूष होता. पाहुणे जेवायला आले तेव्हा म्हणाला, "ससासुद्धा शिकवलाय मी. बघा, मांडीवर बसवतो."

त्याने सशाला कान धरून उचललं.

ससा किंचाळला. सशाला आवाज असतो हेच मला ठाऊक नव्हतं. त्याने अधांतरी अशा लाथा झाडल्या की सादिरबेकचा हात कोपरापर्यंत सोलून निघाला. मग वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला आणि मागचे पाय लोंबकळले. स्वतःच्याच लाथेने त्याचा कणा मोडला होता. ओरडणं मात्र थांबेना. सादिरबेकने सुरी घेतली, बिस्मिल्ला म्हणून गळा कापला. ताटांवर, पावावर, पाहुण्यांच्या बाह्यांवर रक्त उडालं.

"गप्प बसायचा गं," तो बुरुलला म्हणाला. "मला वाटलं, सवय झाली त्याला."

बुरुल ताटांखालचं रक्ताने भिजलेलं कापड गोळा करत होती. आमच्यात सून सासऱ्याच्या नजरेला नजर देत नाही. तिने दिली.

"मीही गप्पच बसते, अता."

दुसऱ्या दिवशी ती माहेरी निघून गेली.

"एजे, तू जाऊन घेऊन ये तिला," सादिरबेक म्हणाला. "तुझं ऐकेल."

"नाही आणणार. तिथे तरी सुखाने राहू दे तिला."

तो ताडकन उठला, हात वर गेला. मी त्याची थोरली बहीण, त्याला कडेवर खेळवलेली. पण मी डोळे मिटून घेतले होते, खांदे कानांपर्यंत आले होते आणि पाठ भिंतीला टेकली होती. मार काही पडला नाही. डोळे उघडले तेव्हा तो माझ्याकडेच बघत होता.

"एजे," तो म्हणाला, "तूसुद्धा?"