वागिफचा वरचा सूर

वागिफ दिवसा शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका गोदामात ड्रम चढव-उतरव करायचा आणि संध्याकाळी दुबईच्या देरा भागातल्या हॉटेलात गायचा. बाकूत असताना हा माणूस लग्नांमध्ये मुगाम गाई. सोव्हिएत राज्य कोसळलं, हात आखडून लग्नं होऊ लागली, आणि स्वारी पोटामागे शारजात येऊन पडली.

मुगाम म्हणजे अझरबैजानची रागदारीच म्हणा ना. खर्जात सुरू करायचं, सावकाश चढत चढत तार सप्तकात जायचं, तिथे जीव ओतून गायचं आणि मग तसंच खाली यायचं. पण हॉटेलवाल्याला कुठली एवढी सवड! वागिफ अर्ध्यात पोचला रे पोचला की तो काउंटरवरून हात हलवायचा, "खलास, हबीबी, खलास!" लगेच कीबोर्डवाला हनीफ नाचाची धून धरायचा.

अशी वर्षं गेली. वागिफला एकच घोर लागला. वरचा आवाज आहे, की गेला? कामगारांच्या दाटीच्या खोलीत ओरडून बघणार कसं? गोदामात एकटा असला की तोंड उघडायचा आणि घाबरून मिटायचा. पन्नाशी उलटलेली. कुठे स्वस्थ म्हणून बसवत नसे.

गोदामाच्या ऑफिसात गुणवंत अकाउंटंट होता, गाण्याचा वेडा. त्याने वागिफचं गुणगुणणं ऐकलं आणि मागेच लागला. "मेरे घर आके पूरा गाओ. कोई नहीं रोकेगा." वागिफ आज घसा बसलाय, उद्या हवा दमट आहे, असं करत टाळत राहिला. शेवटी एका शुक्रवारी गुणवंत गाडी घेऊन दारातच उभा राहिला. "यल्ला!"

दुपारी गुणवंतच्या घरी हॉलमध्ये चार मराठी कुटुंबं जमली. गुणवंतची बायको विभावरी तानपुऱ्यावर बसली. वागिफने सोबत आणलेल्या डफाचं कातडं गॅसवर शेकून घेतलं आणि सुरुवात केली. चढत चढत अर्ध्यात आला, आणि गप्प झाला.

मंडळींना वाटलं, संपलं. "वा! क्या बात है!" टाळ्या पडल्या. विभावरी तानपुरा ठेवून बटाटेवडे आणायला उठलीसुद्धा. वागिफचे कान तापले. आज थांबवणारं कुणीच नव्हतं, मेल्या, तूच थांबलास! स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

"बैठो, भाभी. खतम नहीं हुआ."

"तो आगे से गाओ ना," गुणवंत म्हणाला.

"बीच से नहीं होता, साब. नीचे से."

"अगेन?" गुणवंतची मुलगी मुग्धा कुरकुरली. आईने डोळे वटारले.

वागिफ पुन्हा खर्जापासून निघाला. त्याच जागी येऊन पोचला. त्याने डोळे मिटले, डफ कानाशी धरला आणि आवाज वर फेकला. तो फाटला. चांगला टरकन फाटला. लोक चुळबुळले, गुणवंतने मान खाली घातली. वागिफ थांबला नाही. त्या फाटक्या आवाजातच वरचं सगळं गायला, मग सावकाश उतरत खर्जावर आला.

आता टाळी वाजवायची कुणाची छाती होईना. वागिफ घामाने निथळत होता, रडत होता आणि हसतही होता.

"फट गया, भाभी," तो म्हणाला. "लेकिन है. अभी है."