दाजींची स्टेबल चकती

आमच्या दाजींइतका सरळ माणूस अख्ख्या हैदराबादेत शोधून सापडायचा नाही, आणि सरळ माणसाशी नातं निभावण्याइतकी जिवाला घोर लावणारी गोष्ट जगात दुसरी नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. राहायला बरकतपुऱ्यात, नोकरी सिकंदराबादला रेल्वेच्या कचेरीत. स्कूटरवर बसले की हा माणूस रस्त्याची कड सोडत नसे, मागून बसवाल्यानं कितीही हॉर्न बडवला तरी. मागच्या सीटवर माझा जीव मुठीत. बोलणंही तसंच. लग्नघरी यजमानानं जेवण कसं झालं म्हणून विचारलं की आपण चार गोड शब्द बोलून हात धुवायला जातो. दाजी तिथंच थांबून सांगणार की बगारा बैंगनमध्ये चिंच जास्त झाली. यजमानाचा चेहरा उतरायच्या आत मी चपला शोधायला लागलेला असे.

त्यात परदेशी माल देशात धो धो यायला लागला. गल्लीत केबल आलं, पानाच्या दुकानात नवनवी शीतपेयं आली आणि दाजींच्या घरात आली एक प्लास्टिकची चकती. कचेरीतल्या मित्राच्या मुलानं अमेरिकेहून आणलेली. तिकडे म्हणे गोल्फसारखा एक खेळ असतो. काठी नाही, चेंडू नाही, चकती फेकत फेकत लांबच्या टोपलीत टाकायची. खूप लांब मारायच्या चकत्या वेगळ्या, जवळच्या वेगळ्या, आणि दाजींची ही मधली, फेअरवे ड्रायव्हर. "स्टेबल आहे ही," दाजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. म्हणजे काय, तर उगाच भरकटत नाही, सोडावी तशी जाते, दम संपताना तेवढी जराशी डावीकडे कलते. जोर करणाऱ्याचं हे कामच नाही, हातावर ताबा पाहिजे. अक्का बिचारी काय करणार, तिनं खंडेनवमीला स्कूटरशेजारी चकतीलाही हळदकुंकू लावलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं.

मलकपेठेच्या एका मोकळ्या मैदानात दाजींनी चिंचेच्या झाडाला भाजीची टोपली बांधली, तिच्यावर सायकलच्या जुन्या साखळ्या लोंबत सोडल्या. दर रविवारी सकाळी तिथं साधना चाले. पाय रोवायचे, चकती छातीशी आणायची, नजर टोपलीवर. मध्ये कुणी खोकलं तरी पुन्हा पहिल्यापासून. बघणाऱ्याचा श्वास कोंडायची वेळ येई. तिथल्या चौकीदारानं एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "साब, ये थाली में खाना कब खाते इनो?" तेवढ्यात साखळ्या खळ्ळकन वाजल्या आणि चकती टोपलीत बसली.

हे असं हसतखेळत चाललं असतं, पण वैशूचं लग्न निघालं. वैशू ही दाजींची एकुलती एक लेक. मुलगा सिकंदराबादच्या मराठी घरातला, अमेरिकेत कॉम्प्युटरवर काम करणारा. त्याचे वडील लष्करातून निवृत्त झालेले आणि मानाचे भलतेच हळवे. आधीचं एक स्थळ त्यांनी पानात मीठ वाढायचं राहिलं म्हणून मोडलं होतं, हे अख्ख्या बिरादरीला ठाऊक. मुलगी बघायला आले तेव्हा अक्कानं करंज्या पुढं केल्या, वैशूनंच केल्यात म्हणाली, आणि दाजींनी सरळ सांगून टाकलं की दुकानातून आणल्या. मी दारातल्या चपलांकडे बघायला लागलो. सुदैवानं मुलाची नजर खुंटीवरच्या चकतीवर गेली. तोही तिकडे हाच खेळ खेळायचा. वडीलही त्याच्याकडे जाऊन शिकून आले होते. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि रविवारी दोन हात करू म्हणाले.

त्या रविवारपर्यंत अक्काच्या डोळ्याला डोळा नाही. वरपक्षाला हरवायचं नसतं, एवढं तरी समजा, म्हणून तिनं हात जोडले. दाजींचं एकच उत्तर, खेळात खोटं नाही. वैशूला मुलगा आवडला होता, ते तिच्या न जेवण्यावरून आंधळ्यालाही दिसलं असतं.

मैदानात दोघांची बरोबरी झाली. मग ठरलं, लांबून एकेक फेक आणि टोपलीच्या जवळ ज्याची पडेल तो जिंकला. मुलाच्या वडिलांनी जोर लावला. त्यांची चकती झाडाच्या बुंध्यापासून बरीच अलीकडे पडली आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. मुलगा खाली बघायला लागला. मी मनात म्हटलं, गेलं स्थळ. एवढ्या अंतरावरून दाजी दर रविवारी साखळ्या वाजवत. त्यांनी पाय रोवले. अक्कानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. दाजी उभेच. एकदा त्यांनी वैशूकडे पाहिलं, ती ओढणीचं टोक पिळत होती. पुन्हा चकती छातीशी, पुन्हा नजर समोर. कुणी खोकलं नाही. चकती सुटली, सरळ गेली आणि व्याह्यांच्या चकतीच्या हातभर अलीकडे येऊन टेकली.

व्याह्यांनी दाजींना कडकडून मिठी मारली. अक्का रडायलाच लागली. सगळे चहाला निघाले तेव्हा दाजी मागे राहून चकतीवरची माती पुसत होते. मला राहवेना. म्हटलं, "दाजी, आज ताबा सुटला की हो."

"कुठं सुटला? टाकायची होती तिथंच पडली."

अक्काचं ऐकलंत म्हणायचं शेवटी, असं मी हसून म्हणालो. दाजी हसले नाहीत. लांबवर वैशू त्या मुलाशी बोलत चालली होती, तिकडे बघत म्हणाले, "तुझ्या अक्काचं नाही रे. जिंकलो असतो तर पोरगी घरात राहिली असती. मला तो मोह झाला होता."

लग्नाच्या पंगतीत व्याही तो सामना रंगवून रंगवून सांगत होते, माझी फेक कशी भारी पडली म्हणून, आणि दाजी वाकून त्यांच्या पानात आग्रहानं जिलबी वाढत होते. वैशू मात्र हातातला घास तसाच धरून बापाकडे बघत होती. तिला कळलं होतं की काय, मी कधी विचारलं नाही.