आतून लावायचं मलम

दातांच्या डॉक्टरकडे किस्से का साठतात, सांगू? खुर्चीतल्या माणसाचं तोंड उघडं असतं, पण त्याला बोलता येत नाही. मग उठल्या उठल्या तो जो सुटतो, ते ऐकायला आम्ही दोघी! मी आणि माझी मालवणची असिस्टंट, सुरेखाताई. अंधेरीत क्लिनिक टाकून बरीच वर्षं झाली. दात किती काढले ते आठवत नाही, पण दात काढल्यावर जखमेवर लावायला आम्ही जे जेल देतो ना, त्या एवढ्याशा ट्यूबने माझं डोकं किती खाल्लं ते नीट आठवतं.

*

सावंतकाकांची अक्कलदाढ काढली. तोंडात बोळा तसाच, आणि काकांनी बाहेर जाऊन मुलाला फोन लावला. बोळ्यातून त्याला एवढंच कळलं, "अंधेरी... सात दिवस... जेल!"

अर्ध्या तासात मुलगा हजर, सोबत वकील मित्र! दारातूनच ओरडला, "बाबा, काय केलंत तुम्ही?"

काकांनी बिचाऱ्यांनी हातातली ट्यूब वर करून दाखवली. वकील हुशार निघाला. आलोच आहोत तर म्हणून स्वतःची दुखरी दाढ दाखवून गेला.

त्या दिवसापासून सुरेखाताईंनी 'जेल' शब्दावर बंदी घातली. "मलम म्हणायचा! मराठी माणसाक मलम कळता!"

*

मलम सगळ्यांना कळतं, तीच पुढची भानगड. समोरच्या बिल्डिंगमधल्या परबकाकू चौथ्या दिवशी आल्या. "मॅडम, दिवसातून तीनदा लावते, तरी आत ठणकतंच आहे."

"लावता कुठे?" मी विचारलं.

काकूंनी गालावरून बाहेरून हात फिरवला. "पण स्किन मात्र झकास झाली हो!"

मला आधी राग आला, मग लाज वाटली. चार दिवस बाई दुखणं सोसत होती आणि आम्ही तिला जागाच दाखवली नव्हती. तेव्हापासून आमच्याकडे त्याचं पूर्ण नाव 'आतून लावायचं मलम'.

*

हे लावलं की अर्धा तास खायचं नाही, प्यायचं नाही आणि शक्यतो बोलायचंही नाही. देसाईकाका भयंकर बोलके, तरी त्यांनी इमानदारीत पाळलं. आठवड्यात जखम भरली. पुढच्या सोमवारी देसाईकाकू एकट्याच आल्या, अजून एक ट्यूब द्या म्हणाल्या.

"अहो काकू, आता गरज नाही, जखम भरली त्यांची."

"माहितीये," काकू हळूच म्हणाल्या. "पण दिवसातून तीनदा घर किती शांत असतं हो!"

*

आता फ्रान्सिस अंकल. मरोळ गावठाणातले, ट्रम्पेट वाजवणारे. त्यांच्याशिवाय गावठाणात एकही लग्न लागलेलं नाही. त्यांची वरची दाढ काढली, तर मुळं पार सायनसपर्यंत गेलेली. तिथे भोक पडलं. मी टाके घातले आणि बजावलं, "तीन आठवडे काहीही फुंकायचं नाही. हवेच्या जोराने टाके उसवतील."

अंकलचा चेहरा उतरला. "डॉक्टर, दहा दिवसांनी माझ्या पोरीचं, लिनेटचं लगीन हाय. आदल्या दिशी वाजतगाजत विहिरीचं पाणी आणायला जातो आम्ही. सगळ्या गावच्या पोरींच्या लगनाला मी वाजवलं, आणि माझ्या पोरीच्या टायमाला मुका चालू?"

सुरेखाताईंनी ट्यूब दिली. अंकलनी दोन मागितल्या. "डबल लावला तर हाफ टायमात भरंल ना?"

पाचव्या दिवशी तपासलं. वरून जखम सुंदर दिसत होती. पण जेलने ठणका कमी होतो, आतलं भोक बुजायला त्याचा वेळ लागतोच. त्या दिवशी खोटं बोलायची मला फार इच्छा झाली. नाही बोलले.

"जरासाच फुंकू?" अंकल म्हणाले.

सुरेखाताई उठल्या. त्यांनी अंकलच्या घरून ट्रम्पेटचं तोंडाला लावायचं टोक मागवून घेतलं आणि ड्रॉवरमध्ये घालून कुलूप लावलं. "आता फुका काय फुकायचा ता!"

विहिरीच्या दिवशी सकाळी स्वतः लिनेट आली. "ताई, ते टोक द्या ना. पप्पा फुंकणार नाहीत, माझा शब्द." सुरेखाताईंनी किल्ली काढली आणि टोक तिच्या हातात ठेवलं. मी चिडले, पण तोवर पोरगी जिन्यात होती.

संध्याकाळी मोबाईलवर व्हिडिओ आला. विहिरीपाशी बँड थांबलेला. मधोमध नवरी, गाल फुगवून, लालबुंद होऊन ट्रम्पेट फुंकतेय. अंकल तिला चिकटून मागे उभे, हात तिच्या खांद्यावरून पुढे, आणि बोटं ट्रम्पेटच्या बटणांवर नुसती पळतायत. सूर मध्येच घसरतोय, गाव नाचतंय, अंकलच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय.

मग कुणीतरी मोबाईल त्यांच्या तोंडाजवळ नेला. अंकलनी मोठा आ करून दाढेची जागा दाखवली आणि ओरडले,

"डॉक्टर, मी फुंकलो नाय हां!"