तुतारी झाडावर बसत नाही

तुतारी झाडावर बसत नाही, हे वाक्य मी आजवर किती लोकांना ऐकवलं असेल याची गणती नाही. वाजवायची तुतारी नव्हे. चिखलात चोच खुपसत फिरणारा, तपकिरी पाठीवर पांढरे ठिपके असलेला, लांब पायांचा पक्षी. पुस्तकात त्याला ठिपकेवाली तुतारी म्हणतात. हिवाळ्यात उत्तरेकडून येतो, वारज्याजवळ मुठेच्या काठी मुक्काम करतो आणि उन्हं तापली की जातो. दर रविवारी पहाटे मी चार-सहा हौशी लोकांना नदीवर घेऊन जायचो. त्यातला एखादा नवशिका बाभळीकडे बोट दाखवून विचारायचा, "काका, ती तुतारी का?" मी म्हणायचो, "तुतारी झाडावर बसत नाही. आणि नदीवर येण्याआधी पुस्तक उघडलं तर पाप लागत नाही." मग तो माणूस पुढच्या रविवारी यायचा नाही. मला त्याचं काही वाटायचं नाही.

माझी सगळी नोकरी हडपसरच्या एका कारखान्यात, तपासणी खात्यात गेली. समोर आलेला माल पास की नापास, एवढंच सांगायचं. तिसरा शेरा नसतो. पक्ष्यांकडेही मी त्याच डोळ्यांनी बघत आलो. भुवई पांढरी आहे? पाय पिवळे आहेत? पाण्याकाठी आहे? मग पास. हे हिवाळी पाहुणे आपल्याकडे गात नाहीत, हेही मी ठासून सांगायचो. गाणं त्यांच्या घरी, उत्तरेला. इथे फक्त पोट भरायला येतात आणि गुमान राहतात.

आमच्या घरातही एक गुमान राहणारी व्यक्ती होती. आमची एकुलती एक मुलगी. ती अबोल आहे हे आम्ही, म्हणजे मी तरी, धरूनच चाललो होतो. शिकली आणि नोकरीला गेली ती थेट नॉर्वेच्या अगदी उत्तर टोकाला, माशांच्या रोगांवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत. आमच्या घरात मासा कधी शिजलेला नाही, आणि ही त्यांना औषधं देते. फोनवर चेहरा दिसायचा, पण बोलणं तेवढंच. बरी आहे. थंडी आहे. जेवले. फोन ठेवल्यावर मी बायकोला म्हणायचो, "पोरगी तिथे खूश नाही." बायको म्हणायची, "तुम्हाला कोणी सांगितलं?" सांगायला कशाला पाहिजे? लक्षणं दिसत होती.

तिची नोकरी अजून कायम झाली नव्हती, पण होईल अशी चिन्हं होती. त्याआधी तिला परत आणायचं असं मी मनाशी पक्कं केलं. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा होत होता. हडपसरला एका औषध कंपनीत माझ्या ओळखीचा माणूस होता. म्हणजे घर झालं, नोकरी झाली, आता फक्त तिने हो म्हणायचं बाकी होतं. मे महिन्यात मी निघालो. बायको आली नाही. मेतकुटाची बरणी माझ्या बॅगेत कोंबत म्हणाली, "मला थंडी सोसत नाही. तुम्ही जा. आणि तिला विचारा हं, सांगू नका." या दोन्हींत काय फरक आहे हे मला त्या वेळी कळलं नाही.

तिथे पोचल्यापासून माझा गोंधळ सुरू झाला. एक तर सूर्य मावळेना. क्षितिजापर्यंत यायचा, विचार बदलायचा आणि परत वर जायचा. पहाट कुठली आणि रात्र कुठली याचा पत्ता लागेना. जन्मभर पहाटे उठणाऱ्या माणसाने पहाटच नसलेल्या गावात करायचं काय? बर्फ अजून सावलीत साचलेला होता आणि झाडांना पानं नुकती फुटत होती. त्यांचा वसंत तो हाच. पुण्यात लोक याला कडाक्याचा हिवाळा म्हणाले असते.

आणि पक्षी! त्यांनी माझी अगदी शोभा केली. आपल्याकडे नदीकाठच्या गवतात लपणारा, मळकट शंकर पक्षी तिथे खुशाल झुडपाच्या शेंड्यावर बसला होता. गळा असा निळा की रंग ओला असेल असं वाटावं, आणि मध्ये तांबूस टिकली. मी तो ओळखलाच नाही. वर एका झुडपातून पाच-सहा वेगवेगळे आवाज येत होते, म्हणून मी मुलीला सांगितलं, "इथे निदान पाच जातींचे पक्षी आहेत." तिची शेजारीण आमच्याबरोबर होती. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली म्हातारी बाई. मुलीने तिला माझं म्हणणं सांगितलं. म्हातारी हसली आणि एक बोट वर केलं. पक्षी एकच, तो दुसऱ्यांच्या नकला करतो. मला त्या बोटाचा फार राग आला.

पण खरं तोंडघशी पडायचं अजून बाकी होतं. गावाबाहेर एक दलदल होती, तिथे मुलगी आम्हाला गाडीतून घेऊन गेली. कडेला खुरटी झाडं. त्यातल्या एका झाडाच्या अगदी टोकावर एक पक्षी बसून एकसारखा ओरडत होता. मी दुर्बीण लावली. तपकिरी पाठ. पांढरे ठिपके. पांढरी भुवई. पिवळट, लांब पाय, आणि त्या पायांनी त्याने फांदी कशीबशी पकडलेली.

म्हातारीने तिच्या भाषेत काही नाव घेतलं. मुलीने मोबाइलवर शोधून चित्र माझ्यापुढे धरलं. "बाबा, ही तर तुमची ठिपकेवाली तुतारी."

"शक्य नाही."

"का?"

"तुतारी झाडावर बसत नाही."

मुलीने एकदा झाडाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "बसलीय ना पण," ती म्हणाली.

"मोबाइलमध्ये काय, काहीही असतं."

तेवढ्यात तो पक्षी उडाला, आभाळात वर जाऊन गात गात गोल फिरला आणि पुन्हा त्याच टोकावर येऊन बसला. मी दुर्बीण खाली घेतली. हाच पक्षी, कदाचित याचेच भाऊबंद, मी इतकी वर्षं बघत होतो. हिवाळाभर बघत होतो. आणि मला वाटत होतं की मला तो ठाऊक आहे. म्हातारीने थर्मासमधली कॉफी पुढे केली ती मी मुकाट्याने प्यालो. कॉफी कडू होती आणि साखर मागायची पद्धत तिथे आहे की नाही, मला माहीत नव्हतं.

मुलीशी बोलायचं रोज ठरवायचो आणि रोज राहून जायचं. फ्लॅट, हडपसर, आईची तब्येत, सगळं मनात रचून ठेवलं होतं. तिच्यासमोर बसलो की तोंडातून पक्षीच निघायचे.

एकदा झोपेतून उठलो. खिडकीला काळा पडदा, त्यामुळे किती वाजले कळत नव्हतं. बाहेर कोणीतरी गुणगुणत होतं. शब्द नव्हते, नुसते सूर. उठण्याआधी डोळे मिटून आवाज ओळखायचा, ही माझी जुनी सवय. बाईचा आवाज. म्हातारीचा नाही. जरासा खालच्या पट्टीतला. मध्येच तान घ्यायला जाऊन घसरणारा आणि घसरल्यावर स्वतःशीच हसणारा. मी कान देऊन ऐकलं. शेजारपाजारची कोणी तरुण बाई असेल, चांगली मोकळ्या मनाची दिसते, असा शेरा मारून मी दार उघडलं.

माझी मुलगी ओट्यापाशी पोहे भिजवत होती.

मला बघितल्यावर ती थांबली. "झोप झाली, बाबा?" नेहमीचा आवाज. बरी आहे, थंडी आहे, जेवले, तोच आवाज. मी "हो" म्हणालो आणि खुर्चीवर बसलो. पोटच्या पोरीचा आवाज मला ओळखू आला नव्हता. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली. कशाची, ते मात्र सांगता यायचं नाही.

त्यानंतर फ्लॅटचा विषय मी काढलाच नाही. हात हलवत परत आलो.

विमानात मात्र मी एक उत्तर शोधून काढलं. ते मला फार पटलं. पक्षी जसे इथे गात नाहीत आणि घरी जाऊन गातात, तसंच तिचं. म्हणजे तिचं घर ते. दुःख झालं, पण हिशोब तर लागला. घरी आल्यावर बायको मंडईतून आणलेला घेवडा मोडत बसली होती. तिला मी हे सगळं जरा गंभीर आवाजात सांगितलं. "तिथे ती गाते," मी म्हणालो.

तिने मान वर केली नाही. "इथेही गायची."

"कधी?"

"रविवारी. तुम्ही नदीवर गेलात की."

"काहीतरीच. मी आल्यावर कधी ऐकलं नाही."

"कसं ऐकाल? तुम्ही आलात की तुम्ही बोलायचात." तिने शिरा बाजूला टाकल्या. "अमका दिसला, तमका दिसला. जेवणं होईपर्यंत."

झालं. माझ्या उत्तराचे बारा वाजले. मग तिचं घर कुठलं? ती तिथे खूश आहे म्हणून गाते, की मी तिथे नसतो म्हणून? बायकोला विचारायची हिंमत झाली नाही. ती खरं सांगेल अशी भीती होती.

पुढच्या मार्चमध्ये मुलगी रजेवर आली. परत गेल्यावर तिला नोकरीचं कायमचं काय ते कळवायचं होतं. आल्या आल्याच तिने मला विचारलं, "बाबा, तुम्हाला काय वाटतं? राहू तिथे?" जे मी वर्षभर मनात घोकलं होतं ते सांगायची संधी आयती चालून आली होती. फ्लॅटला अजून कुलूपच होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "बघू." बघू म्हणजे काय, ते तिलाही कळलं नाही आणि मलाही.

रविवार आला. नदीवर येणाऱ्या मंडळींना मी आज जमणार नाही म्हणून कळवून टाकलं. आंघोळ करून बाहेरच्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून बसलो. मुलगी उठली, चहा केला, भाजी चिरायला घेतली. हूं नाही की चूं नाही. बराच वेळ मी पेपरचं पानही उलटलं नाही. शेवटी तिनेच विचारलं, "बाबा, आज नदीवर नाही?"

एवढी वर्षं पक्षी बघितले ते काही अगदीच फुकट गेलं नव्हतं. पाखरू गप्प झालं तर त्याच्याकडे टक लावून बसायचं नसतं. आपण बाजूला व्हायचं असतं.

"निघालोच," मी म्हणालो. बूट चढवले, टोपी घातली, दुर्बीण गळ्यात अडकवली आणि दार ओढून घेतलं. एक मजला खाली उतरलो आणि त्या कुलूपबंद फ्लॅटच्या दारासमोर पायरीवर बसलो. जिन्याच्या जाळीतून आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतलं नीट ऐकू येतं, हे इतकी वर्षं राहून मला माहीत नव्हतं.

आधी भांड्यांचा आवाज आला. मग नळाचा. आणि मग ती गुणगुणू लागली. तोच खालच्या पट्टीतला आवाज. तीच घसरणारी तान. या वेळी तिच्या हसण्यात तिची आईपण हसली.

वरच्या मजल्यावरचे गृहस्थ दुधाच्या पिशव्या घेऊन जिना चढत आले. मला तसा दुर्बिणीसकट बसलेला बघून थबकले. "काय हो, आज नदीवर नाही? किल्ली विसरलात का?"

मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी इकडेतिकडे, छताकडेही बघितलं. "कुठला आहे?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं.

नेहमी नदीवरून परततो त्या वेळेला मी उठलो. पायाला मुंग्या आल्या होत्या. वर गेलो, बेल वाजवली. मुलीने दार उघडलं, गाणं अर्थातच थांबलेलं. माझ्या हातातली टोपी घेत, लहानपणापासून विचारत आली तेच तिने विचारलं, "काय काय दिसलं आज?"

या प्रश्नावर मी जेवणापर्यंत बोललो असतो. मी बूट काढले, दुर्बीण खुंटीला लावली आणि तिच्यासमोर जमिनीवरच बसलो.

"आज तू सांग," मी म्हणालो.

तिने आईकडे बघितलं. आई घेवडाच मोडत होती, तिने मान वर केली नाही. "काय सांगू?" मुलगी म्हणाली.

"काहीही. तिथलं."

तिने हातातली माझी टोपी खुंटीला लावली. मी मध्ये तोंड उघडलं नाही, आणि ते फार कठीण गेलं. मग ती चाचरत म्हणाली, "तिथे ना बाबा, बर्फ वितळायला लागला की..." आणि सांगू लागली.